एका घराचा एक हात

सभेसाठी दुकान द्यायला दादा हो म्हणून बसला आणि मग दिवसभर त्यावरून सगळ्यांवर धुसफुसत राहिला. या रस्त्यावर एवढी मोठी खोली दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे खरं. शिवाय ज्या सभेत आपल्याला 'नाही' म्हणायचंय, ती आपल्याच छपराखाली झालेली बरी, असाही त्याचा बेत होता. पण माणसं बसवायची तर काचा हलवाव्या लागतील, ही गोष्ट काही आदल्या दिवशी त्याच्या डोक्यात आली नव्हती.

"त्या आरशाच्या काचा आधी भिंतीला लावा," वहिनी म्हणाली. "कुणाचा तरी कोपर लागेल."

"आता तू शिकव मला काच कुठं ठेवायची ते," दादा हळू आवाजात म्हणाला.

हळू आवाजात, कारण या दुकानात कुणी आवाज चढवत नाही. ती आजोबांनी घालून दिलेली शिस्त. टेबलावर काच असताना ओरडायचं नाही. दचकलेल्या हातातून काच सुटते. आणि टेबलावर काच नाही अशी वेळ तिथं क्वचितच येते. त्यामुळे या घरातली सगळी भांडणं, अगदी धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळचं ते मोठं भांडणसुद्धा, कुजबुजीतच झालेली आहेत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काचवाल्यांचं घर काय गुण्यागोविंदानं नांदतंय.

भिंतीवर नव्या रस्त्याचा नकाशा चिकटवलेला होता. पालिकेतल्या अभियंता बाई आदल्या दिवशी स्वतः येऊन तो लावून गेल्या होत्या. रस्त्यावर त्यांचं नाव केव्हाच नकाशेबाई पडलं होतं. आत्ताचा रस्ता म्हणजे नुसतं धावतं मैदान. गाड्या दोन्हीकडून सुसाट जातात आणि थांबतात त्या थेट पुढच्या चौकात. नकाशात तोच रस्ता अंग चोरून बसला होता. दोन्ही कडांना रुंद पदपथ, मधोमध झाडांची रांग, आणि एका जागी त्या रांगेत फट ठेवून पायी ओलांडायची वाट, मध्ये थांबायला उंच ओटा. ती जागा नेमकी काचवाल्यांच्या दारासमोरची होती. आजोबांपासून काचेची गाडी जिथं उभी राहत आली, तीच.

"आता टेम्पो लावायचा बाजूच्या गल्लीत आणि काचा हातावर आणायच्या," दादा नकाशाकडे पाठ करून म्हणाला. "कागदावर रेघ मारायला काय जातंय त्या बाईचं? गल्लीच्या कोपऱ्यावरून मोठी काच वळत नाही. मी मापून बघितलंय."

"दादानं मापलंय म्हणजे नसेलच वळत," धाकट्यानं री ओढली. टेम्पो तो चालवायचा. दारात गाडी लावायची, ब्लँकेटं बाजूला करायची आणि चार पावलांत काच आत, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याहून जास्त पावलं टाकायची त्याची इच्छा नव्हती.

वहिनी फडक्यानं खुर्च्या पुसत होती. दुकानाचा फोन तीच घ्यायची, गिऱ्हाइकांना तारखा तीच द्यायची, आणि टेम्पो दारात उभा असला की मागच्या गाड्यांचे भोंगे आणि शिव्याही तिच्याच वाट्याला यायच्या. नकाशा तिला मनापासून आवडला होता. पण दादानं गेले कित्येक दिवस 'काच वळत नाही' हे औषधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना पटवलं होतं, आणि चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायची तिची पद्धत नव्हती. तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

"आईंना विचारलंत?"

"आईला काय विचारायचंय? ती घराबाहेर पडते कुठं?"

"पडत नाहीत, का पडता येत नाही?"

दादानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "हे बघ, सभेत एका घराचा एक हात. आजवर तसंच चालत आलंय. बाबा होते तेव्हा बाबांचा, आता माझा. मी घरातल्या सगळ्यांचा विचार करूनच हात वर करतो."

"करता ना," वहिनी म्हणाली. "मी कुठं नाही म्हणतेय?"

*

आई वरच्या मजल्यावर खिडकीशी बसली होती आणि फोन कानाला होता. रस्त्यापलीकडे, अगदी समोरच्या खिडकीत, तिची थोरली बहीण बसली होती आणि तिचाही फोन कानाला होता. एकमेकींकडे बघत, ओठ हलताना बघत, त्या रोज अशा फोनवर बोलायच्या. येणारे-जाणारे माना वर करून हसायचे. दोघींना त्याचं काही वाटत नसे.

दोन्ही बहिणी समोरासमोरच्या घरांत दिल्या गेल्या तेव्हा मधला रस्ता एवढासा होता. चुलीवर दूध ठेवून आई पलीकडे जायची आणि दूध वर यायच्या आत परत यायची. भांडण झालं की तरातरा घरी यायची, आणि भांडणातलं काही बोलायचं राहिलं असं आठवलं की तशीच उलट जायची. मुलांच्या मते मावशी आणि आई यांचं जगात सगळ्यात जास्त भांडण व्हायचं आणि सगळ्यात लवकर मिटायचं. मग रस्ता रुंद झाला.

"ताई, आज सभा आहे, लक्षात आहे ना?" आई म्हणाली. आवाजात आज थोडी खुशी होती. सकाळीच तिनं खाली जाऊन, कुणी नाही असं बघून, नकाशातल्या त्या ओट्यावर बोट ठेवलं होतं. आधी अलीकडची बाजू बघायची, ओट्यापर्यंत जायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पलीकडची. एवढं तर जमेल. कुणाच्या दंडाला न धरता जमेल.

"आहे की लक्षात. माझा विरोध आहे."

"तुझा?"

"झाडं लावतायत मधोमध."

"झाडांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"मग तू दिसशील का मला?" मावशीनं फोन दुसऱ्या कानाला घेतला, हे आईला इथून दिसलं. "सकाळी तुझी खिडकी उघडली की मला कळतं, चला, ही उठली. दुपारी पडदा ओढलास की कळतं, पडली. तेवढंच तर आहे माझ्याकडे. नात सकाळी जाते ती रात्री येते. मी काय झाडाची पानं मोजत बसू?"

"अगं, पण ताई, मला येता येईल ना तुझ्याकडे!"

"येशील तेव्हा येशील. झाडं मात्र कायमची."

आई उठून उभी राहिली. "हे फोनवर बोलायचं नाही. मी तिकडेच येते."

"ये की. कुणी अडवलंय?"

अडवलं होतं ते मधल्या रस्त्यानं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आईनं फोन ठेवला, चप्पल शोधली आणि जिना उतरून दुकानात आली. दादा एक भलीमोठी काच लाकडी घोडीवर टेकवत होता. तो काम पुरं करेपर्यंत ती दाराशी थांबली.

"मला पलीकडे सोड."

"आत्ता? आई, अगं बघतेयस ना काय चाललंय इथं?"

"सोड म्हटलं ना."

दादानं सोडलं. एका हातानं तिचा दंड धरला, दुसरा हात गाड्यांसमोर आडवा केला, आणि "चल, चल, थांब, आता चल" असं करत तिला पलीकडे नेलं. पदपथावर पोचल्यावर त्यानं घड्याळ बघितलं. तो नेहमीच बघायचा. त्यात तिरसटपणा नव्हता, नुसती सवय होती, पण आईला त्या सवयीचा मनस्वी कंटाळा आला होता.

"तासाभरात येतो न्यायला."

"बरं," आई म्हणाली.

*

"आता एक विचारू का?" वहिनीनं विचारलं. दादा परत आला तेव्हा ती गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती, हातात मोजपट्टी घेऊन. धाकटा पट्टीचं दुसरं टोक धरून होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव होता.

"काय चाललंय हे?"

"तुम्ही कोपरा मापलात, तो कसा मापलात?"

"कसा म्हणजे? मापतात तसा."

"भावजी म्हणतायत, तुम्ही सांगितलेला आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळत नाहीये. तुमचा लहान आहे."

दादाचा चेहरा जरा वेळ कोराच राहिला. मग हळूहळू लाल होत गेला. चौकटीचं माप घेताना दोन्ही बाजूंनी थोडं सोडायचं आणि काच तेवढी लहान कापायची, नाहीतर ती बसताना तडकते. हे त्याच्या हातात लहानपणापासून इतकं मुरलं होतं की त्यानं गल्लीचंही माप तसंच घेतलं होतं. आणि काचवाला म्हणून सढळ हातानं, मोठ्या काचेला सोडावं तसं भरपूर सोडलं होतं.

"अहो, गल्लीत काच बसवायची नाहीये," वहिनी म्हणाली. तिनं हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. "नुसती न्यायची आहे."

धाकट्याला राहवलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून हसत सुटला. दादाही शेवटी हसला, पण कसनुसा. साऱ्या रस्त्याला त्यानं ही गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती.

"ठीक आहे. माप म्हणजे काही काम नव्हे," तो धाकट्याला म्हणाला. "उचल ती मोठी काच. गल्लीच्या मागच्या टोकापासून आणू. तुझी कंबर धरली की मग बोल."

दोघं भाऊ ती काच टेम्पोत घालून गल्लीच्या मागच्या टोकाला गेले आणि तिथून ती हातावर घेऊन पुन्हा दुकानाकडे निघाले. दादा पुढे, धाकटा मागे. वहिनी आत जाऊन दुकानाचं दार धरून उभी राहिली. अर्ध्या गल्लीतच धाकट्याच्या लक्षात आलं की वळण हा प्रश्नच नव्हता. प्रश्न लांबीचा होता. आपण दादाची बाजू घेतली ती पटली म्हणून नाही तर आळसापोटी, हे त्याला कळत होतं. आणि दादाचा श्वास पुढून जड येत होता, हेही कळत होतं. दादा आता तरणा राहिला नव्हता. वर्षानुवर्षं आपण असेच याच्या मागे चालतोय आणि याची पाठ आपण कधी नीट बघितलीच नाही, असं त्याला वाटून गेलं.

*

"तुला झाडं नकोत, मला वाट हवी," पलीकडच्या घरात आई म्हणत होती. "आता यात मोठं कोण?"

"मोठी मी," मावशी म्हणाली. "जन्मापासून."

"विनोद नको करूस. ताई, मी इथं येते तेव्हा काय होतं सांगू? तो मला आणून सोडतो. तो न्यायला येतो. तो घड्याळ बघतो. मी तुझ्याशी बोलायला लागले की मला वाटतं, अजून बराच वेळ आहे, आणि मनातलं बोलायची वेळ आली की तो जिन्यात खाकरतो."

"मग उशिरा ये म्हणावं."

"मला कुणाला काही म्हणायचंच नाहीये!"

मावशीच्या घरात ओरडायला बंदी नव्हती, तरीही धाकटी बहीण ओरडली की तिला अजून नवल वाटायचं. तिनं खुर्ची खिडकीजवळ सरकवली. समोर काचवाल्यांचं दुकान, वर बहिणीची रिकामी खिडकी.

"तुला खरंच यायचं असतं, तर रस्ता रुंद होतानाच तू बोलली असतीस," ती म्हणाली. "तेव्हा मोठी गाडी दारात लागायला हवी म्हणून हात कुणाच्या घरातून वर गेला? माझ्या नाही गेला. तुझ्या नवऱ्यानं केला हात वर, आणि तू शेजारी मूग गिळून बसली होतीस. मी बघत होते तुझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. आणि आता मी माझी खिडकी सोडून देऊ?"

हे मावशीनं इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. आईला ते लागलं, कारण ते खरं होतं. त्या दिवशी तिलाही वाटलं होतं, बोलावं. पण घराचा हात वर गेला होता, आणि वर गेलेला हात खाली घ्यायला लावायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"जाते मी," ती म्हणाली.

"जा. कशी जाशील?"

आई जिना उतरली, तरातरा, पूर्वी उतरायची तशी, आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबली.

*

कोपऱ्यावर दादानं पाय टेकून काच तिरकी केली. धाकट्यानं मागून बाजू सावरली. काच वळली. वळूनही जागा उरली. दादाला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्याचे दोन्ही हात काचेला होते, गाल काचेजवळ होता, आणि काचेतून त्याला पलीकडची कड दिसत होती. तिथं आई उभी होती.

ती रागावलेली होती, हे त्याला एवढ्या लांबूनही कळलं. रागावली की ती पदर घट्ट लपेटून घ्यायची. तिनं एक पाऊल रस्त्यावर ठेवलं. एक मोटार भोंगा देत गेली आणि तिनं पाऊल मागे घेतलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा घेतलं. दादाला हाक मारता येत नव्हती, हातातली काच टाकून पळता येत नव्हतं, आणि मागे धाकट्याला सांगताही येत नव्हतं, कारण दचकून त्याचा हात सुटला असता.

तिला मदत हवी होती म्हणून त्याला वाईट वाटलं असतं तर ते नेहमीचंच होतं. पण तिचा राग त्याच्या डोळ्यांदेखत ओसरत होता. पदर सैल झाला. खांदे खाली आले. ज्या बाईनं बाबांच्या आजारपणात दुकान आणि घर दोन्ही अंगावर घेतलं होतं, ती रस्त्याच्या कडेला उभी राहून कुणीतरी आपल्याला न्यायला येईल म्हणून इकडे-तिकडे बघत होती. मग ती मागे वळली आणि चप्पलवाल्याच्या पायरीवर जाऊन बसली. दादाला स्वतःची लाज वाटली. कशाची, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

काच आत टेकवल्याबरोबर तो हातमोज्यांसकट धावत सुटला आणि गाड्यांना हात करत पलीकडे गेला.

"अगं, फोन करायचास ना! लगेच आलो असतो."

"कशाला? तू कामात होतास. काचेसकट वळलास कोपऱ्यावरून, बघितलं मी." आई शांतपणे म्हणाली. "वळते की रे काच."

"वळते." दादा तिच्याशेजारी पायरीवर बसला. घड्याळ बघायचं तो विसरला. "काय झालं वर?"

"भांडले तिच्याशी. रागावून उठून आले." तिनं समोर आपल्या घराकडे बघितलं. "आणि मग उभी राहिले. वाट बघता बघता राग गेला. असं बरं नाही वाटत रे. माणसाला रागावून आपल्या घरी तरी जाता यावं. मी इथून धड भांडूनही येऊ शकत नाही."

इतक्या वर्षांत दादानं तिला कितीदा विचारलं होतं, काही हवंय का, औषध संपलंय का, गार वाटतंय का. हे त्याला सुचलंच नव्हतं.

"घरी चल," तो म्हणाला.

*

संध्याकाळी सगळे जमले. टेबल भिंतीला सरकवलं होतं, पण काचा खोलीतच होत्या, त्यामुळे काचवाल्यांच्या दुकानाची शिस्त लोकांना आपोआप लागली आणि सभा हळू आवाजात सुरू झाली. नकाशेबाईंना याचं फार कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, मागच्या रस्त्यावर लोक त्यांच्या अंगावर धावून आले होते.

औषधवाल्याचं म्हणणं होतं की गाडी लावायला जागा राहिली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. शिंपी म्हणाला, पदपथ रुंद झाला तर लोक चालतील, चालले तर काचेत बघतील, बघितलं तर आत येतील. चप्पलवाल्यानं त्याला दुजोरा दिला, कारण चालणाऱ्यांच्याच चपला झिजतात. निवृत्त मास्तरांनी रस्ता या विषयावर इतकं लांबवलं की ते बाजूनं आहेत की विरोधात, हे शेवटपर्यंत कळेना. नकाशेबाईंनी त्यांना तसं विचारलंही. मास्तर म्हणाले, "मी दोन्ही बाजू मांडल्या. आता हात वर करताना बघू."

"आणि समोरच्या मावशी?" शिंप्यानं विचारलं. "त्यांना कुणी आणलंच नाही वाटतं?"

कुणीच आणलं नव्हतं. नातीला कामावरून उशीर झाला होता. तेवढ्यात आईच्या मांडीवरचा फोन वाजला.

"मी इथूनच हात वर करणार आहे," मावशी फोनवर म्हणाली, इतक्या मोठ्यानं की पहिल्या रांगेला ऐकू गेलं. "त्या बाईंना म्हणावं, बाहेर बघा."

सगळ्यांनी बाहेर बघितलं. पलीकडच्या खिडकीत दिवा लागलेला होता आणि त्या उजेडात मावशी ताठ उभी राहून हात वर करून होती. शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीनं करावा तसा, उंच.

"बाजूनं की विरोधात?" नकाशेबाईंनी विचारलं.

"विरोधात," आई म्हणाली.

"मोजायचा का हात?" औषधवाला म्हणाला. "त्या खोलीत नाहीयेत."

"दिसतोय तर खरा," नकाशेबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो मोजला.

मग बाकीच्यांचे हात झाले. शेवटी काचवाल्यांचं घर राहिलं. दादा उठला. त्याचं मत सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे काही जण तोवर जायच्या तयारीला लागले होते.

"कोपऱ्यावरून काच वळत नाही, असं मी तुम्हाला सांगत होतो," दादा म्हणाला. "वळते. माझं मापायचं चुकलं होतं."

औषधवाला दुखावल्यासारखा त्याच्याकडे बघायला लागला. याच्या भरवशावर त्यानं विरोधात हात वर केला होता.

"पण ती सगळी गल्लीभर हातावर आणावी लागणार, तेही खरं आहे. मला ते जिवावर येतंय, खोटं कशाला बोलू? माझ्या एकट्याचं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं." त्यानं आईकडे बघितलं. "हा रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या घराचा हात बाबांनी वर केला होता. तेव्हा कुणी आईला विचारलं नाही. मीही नाही विचारलं, इतकी वर्षं. आज आमच्या घराचा हात तिचा."

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. हे त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की तिनं पटकन दुसरीकडे बघितलं.

आईचे हात मात्र मांडीवरच राहिले. दुपारी तिनं वरच्या दारातून दादाला कंबर धरून जिना चढताना बघितलं होतं. तिला वाट हवी होती, पण ही वाट याच्या पाठीवरून जाणार, हेही तिला दिसत होतं.

"नको रे," ती म्हणाली. "हात तुझाच. दुकान तू चालवतोस."

"आई, मी दिलाय तुला."

"मी घेत नाही."

"एका घराचे दोन नकोत," नकाशेबाई हसून म्हणाल्या, "पण एक तरी हवा."

वहिनी मागून वाकली आणि सासूच्या कानाशी म्हणाली, "आई, यांच्या पाठीचं मी बघते. चाकांची गाडी करून घेऊ, काच तिच्यावर उभी करून आणायची. भावजी तयार आहेत. तुम्ही करा हात वर."

"खरंच का रे?" आईनं धाकट्याकडे बघितलं.

"खरंच," धाकटा म्हणाला. "पुढं मी चालेन. दादानं खूप वर्षं पुढं चालून झालंय."

आईनं बाहेर बघितलं. समोरच्या खिडकीत मावशी अजून उभीच होती. हात खाली घेतला होता, पण खिडकी सोडली नव्हती. ती आपल्याकडेच बघतेय, हे आईला ठाऊक होतं. झाडं लागली की हे असं दिसणार नाही. सकाळी उठल्यावर समोर पानं असतील, आणि पलीकडची उठली का, पडली का, हे तिकडे गेल्याशिवाय कळणार नाही. तिला ताईची दया आली, आणि स्वतःचीही आली. मग तिनं बहिणीकडे बघत हात वर केला.

"बाजूनं," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. दुकानात कुणी दचकलं नाही.

पलीकडे मावशीनं तो हात बघितला. दोन्ही हातांनी धरून तिनं पडदा असा ओढला की त्याची एक कडी निसटली आणि पडदा एका टोकानं लोंबत राहिला. दिवा विझला.

नकाशेबाईंनी हात मोजले. अगदी थोडक्या फरकानं, पण नकाशा मंजूर झाला. औषधवाला कुणाशी न बोलता निघून गेला, आणि त्याच्या दुकानातून औषधं आणायला आता काही दिवस धाकट्यालाच पाठवावं लागणार, हे वहिनीनं मनात धरून ठेवलं. मास्तरांनी हात कुठल्या बाजूनं वर केला, हे शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माणसं पांगली. दोन्ही भाऊ टेबल पुन्हा जागेवर ढकलायला लागले.

आई अजून खुर्चीतच होती. फोन हातात होता आणि ती तो लावत होती. पलीकडे कुणी उचलत नव्हतं.

"उचलत नाही," ती दादाला म्हणाली. "रागावलीय."

"उद्या उचलेल."

"उद्या कशाला? तिचा राग मला माहीत आहे, तो एकटीनं काढायचा नसतो." आई उठली. "पण रस्ता व्हायला वर्ष तरी जाईल, नाही का रे?"

"जाईल." दादानं टेबल सोडलं आणि हात पुसले. "तोवर मी नेत जाईन. चल. आणि ऐक, मी परत यायचा नाही. तिथंच खाली चप्पलवाल्याच्या पायरीवर बसून राहीन."

"बसून? काय करणार तिथं बसून?"

"काही नाही. तू रागावून खाली आलीस तर लगेच घरी जाता यायला हवं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही. चपला पायात सरकवून ती दाराकडे निघाली, दादाच्या पुढे.

"चल तर मग," ती म्हणाली, "तिचा राग ताजा आहे तोवर."